खडूची खूण

११ जून

धाकट्या,

आशीर्वाद नको असेल तर बाजूला ठेव, पण कागद फाडू नकोस. आधी पुरता वाच, मग फाड.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी अर्धं बोलेपर्यंत कापशील, आणि हे अर्धं ऐकून चालायचं नाही. माझी पत्रं आजवर शेजारच्या मास्तरीणबाई लिहून द्यायच्या. हे त्यांच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. म्हणून चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने लिहितेय. अक्षराला हसायचं तर हस.

थोरल्याला जाऊन दीड महिना झाला. तू आलास, दारात उभा राहिलास, घोटभर पाणी न घेता गेलास. तेव्हा मी काही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. काम वेगळं आहे.

परवा त्याचे राहिलेले कागद आणायला दवाखान्यात गेले होते. ते चष्मेवाले डॉक्टर जिन्यात भेटले. विचारलं, याला सख्खा भाऊ आहे का. मी म्हटलं आहे, पण आमच्याशी बोलत नाही. म्हणाले, बोलत नसू दे, त्याच्या कानावर घाला. एका भावाला हा कॅन्सर झाला की दुसऱ्याला व्हायची भीती इतरांपेक्षा जास्त. होईलच असं नाही. पण त्याने दर महिन्याला स्वतःच्या हाताने तपासून बघायचं. मी विचारलं, काय तपासायचं. म्हणाले, वृषण. थोरला तिथे दोन महिने पडून होता, सगळे तोच शब्द बोलायचे आणि मी मान डोलवायचे. या खेपेला म्हटलं, साध्या भाषेत सांगा. त्यांनी सांगितलं, तर त्यांचेच कान लाल झाले. माझे नाही झाले. मी दोन मुलगे न्हाऊ घातलेत.

तर गोट्या. घे, लिहिलं.

गरम पाण्याने अंघोळ झाली की तिथली कातडी सैल पडते. तेव्हा एक गोटी अंगठ्याच्या आणि बोटांच्या मधे धरून हळूहळू फिरवायची. दाबायची नाही. एक झाली की दुसरी. एक जराशी मोठी असते, एक जरा खाली लोंबते, त्याने घाबरायचं कारण नाही, सगळ्यांचं तसंच असतं. हाताला गुळगुळीत लागली पाहिजे. खड्यासारखं टणक काही लागलं, एक बाजू सुजली, जड वाटायला लागली, की त्याच आठवड्यात डॉक्टर. दुखत नाही म्हणून बसून राहायचं नाही. थोरल्याचं दुखत नव्हतं. दुखलं असतं तर तो गप्प बसणारा होता का. बोटात कुसळ गेलं तर घर डोक्यावर घ्यायचा.

वेळेत कळलं तर या दुखण्याने माणूस सहसा मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

आम्हाला काही माहीत नव्हतं. हमालाची कंबर दुखते, यात कुणाला काय वाटणार. खोकला सुरू झाला तर म्हटलं गोदामातली धूळ आहे.

तपासलंस की एक ओळ लिही. जास्त नको.

आई


२ जुलै

धाकट्या,

तुझी ओळ आली नाही. पोस्टमन माझं तोंड बघून लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

तू काचेच्या कारखान्यात काम करतोस. काचेत बुडबुडा राहिला तर तुला डोळ्याने दिसतो. मी बावीस वर्षं कापड तपासतेय. आमच्यात डोळ्याचं काम कमी. दिवसभर टेबलावरून कापड सरकत असतं आणि मी त्यावर तळहात ठेवून शेजारणीशी बोलत असते. खोट आली की हात आपोआप थांबतो. नवीन पोरी येतात त्यांना वाटतं, खोट ओळखायला शिकायचं. मी त्यांना आठ दिवस खोट दाखवतच नाही. नुसतं चांगलं कापड हाताखालून जाऊ देते. त्या कंटाळतात, माझ्या पाठीमागे म्हातारी खवट आहे म्हणतात. नवव्या दिवशी खराब तागा लावते. पोरगी बोलता बोलता गप्प होते. तिला काही सांगावं लागत नाही.

तुझंही तसंच करायचं. पहिल्या महिन्यात काही शोधू नकोस. तुझं चांगलं कसं आहे तेवढं हाताला ओळखीचं करून घे. मग बदललं तर हात सांगेल.

सोबत एक पिशवी पाठवलीय. फेकू नकोस. मऊ कापडाच्या दोन गोट्या करून आत घातल्यात, गच्च कापूस भरून. एकीत तांदळाचा दाणा शिवलाय. कुठल्या, ते सांगत नाही. डोळे मिटून शोध. मशीनवर हे शिवत बसले होते तर मास्तरीणबाई आल्या. काय शिवताय म्हणाल्या. मी म्हटलं, सुया टोचायची उशी. दोन कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं, एक हरवली तर. बाईंनी पुढे विचारलं नाही, पण बराच वेळ बघत होत्या.

आता दुसरं. तू का गेलास ते मी विसरलेले नाही. अंगणातल्या नळावर चार बायका भांडी घासत होत्या, शेजारचे काका दाढी करत होते, आणि तू मोठ्याने म्हणालास, "आई, दादाचं एका बाजूला सुजलंय, त्याला दवाखान्यात ने." मी तुला थोबाडीत मारली. पंचविशीच्या मुलाला, चारचौघांत. म्हटलं, मोठ्या भावाच्या कपड्यात डोकावतोस, शरम नाही वाटत. सगळे हसले. थोरला सगळ्यात जास्त हसला. दुसऱ्या दिवशी मुलीकडचे त्याला बघायला येणार होते. ही बातमी त्यांच्याआधी घरात शिरली असती तर लग्न मोडलं असतं. मोडलंच पुढे. त्यांना घर लहान वाटलं.

मी चुकले, असं लिहिणार होते. लिहिलं. पण त्यासाठी हे पत्र नाही. दाणा शोध.

आई


२८ जुलै

धाकट्या,

कार्ड मिळालं. वर आई नाही, खाली नाव नाही. "दाणा सापडला. पण मला मागच्या बाजूला काहीतरी लागतंय. दोन्हीकडे." एवढंच. 

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात गेले. डॉक्टर नव्हते. थोरल्याला औषध द्यायच्या त्या जाड्या सिस्टर होत्या. त्या तुझ्या आईहून फटकळ आहेत. कार्ड दाखवलं. त्यांनी विचारलं, दोन्हीकडे सारखं आहे का, मऊ आहे का, दोरीसारखं लागतं का. मी म्हटलं, मला कसं ठाऊक, माझं आहे का. त्या इतक्या हसल्या की खुर्ची हलली. मग सांगितलं ते असं. प्रत्येक गोटीच्या मागे एक मऊ नळी असते, वेटोळं घातल्यासारखी. सगळ्या पुरुषांना असते. पहिल्यांदा हात लावणारे निम्मे लोक तिलाच घाबरून धावत येतात. दोन्हीकडे सारखी आणि मऊ असेल तर ती तुझी आहे, जन्मापासूनची. टणक काही, ते गोटीच्या अंगावरच, आणि एकाच बाजूला, ते वेगळं. शंका असेल तर डॉक्टरला दाखवायचं, विचारायला लाजायचं नाही.

म्हणजे तू चांगलं कापड हाताखालून घातलंस, इतकंच. आता पुढच्या वेळी ती नळी हाताला लागली तर तिला ओळख आणि पुढे जा.

तरी एकदा दाखवून ये. माझं म्हणणं आणि जाड्या सिस्टरचं म्हणणं म्हणजे डॉक्टर नव्हे.

निघताना सिस्टरनी विचारलं, थोरल्याला नक्की कधी कळलं होतं हो. मी म्हटलं, माहीत नाही. त्या हातातल्या पट्टीची गुंडाळी करत राहिल्या.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड टाक. काही नसलं तर काही नाही म्हणून टाक.

आई


६ सप्टेंबर

धाकट्या,

ऑगस्टचं कार्ड आलं, "डॉक्टरला दाखवलं. नळीच आहे. काही नाही." ते मी मशीनच्या खणात ठेवलंय. सप्टेंबरचं काल आलं. "काही नाही. दादाचं तुला कधी कळलं होतं?"

काल रागाने जेवले नाही. वाटलं, याला तपासायला सांगितलं तर हा मलाच तपासतोय. आज लिहितेय.

तू कधी पोतं उचललं नाहीस, म्हणून तुला सगळं ठाऊक नसेल. हमाल जो पट्टा बांधतो, कमरेला आणि खाली आधार देणारा, तो विकतचा नसतो. विकतचा शंभर पोत्यांत फाटतो. तो घरच्या बाईने शिवायचा, दुहेरी जाड कापडाचा, त्याच्या मापाचा. तुझ्या बापाचा मी शिवायचे. तो गेल्यावर थोरल्याचा. आणि एक रीत आहे, शिवताना बोलायचं नाही. कुठे काचत असेल, सैल करायचं असेल, तर पुरुष त्या जागी खडूची खूण करतो आणि पट्टा गुंडाळून मशीनवर ठेवून देतो. बाई त्या खुणेवरून नवा शिवते आणि खुंटीला लावते. ना तो काही सांगत, ना ती विचारत. तुझ्या बापाच्या वेळेपासून असंच. त्यात मला मोठी अब्रू वाटायची.

गोदामात कुणाचं तिथे सुजलं तर भार उतरला म्हणतात. वजन उचलून आतडं खाली सरकतं, तसं काही. मुकादम म्हणतो, घट्ट बांध आणि लाग कामाला. जो डॉक्टरकडे जातो त्याला वजन बंद. मग तो झाडू मारतो आणि बाकीचे त्याला वहिनी म्हणून हाक मारतात.

पहिली खूण उजव्या बाजूला होती. एक बोट सैल करायचं होतं. तुला मारलं त्याच्या दोन महिने आधी.

आता वाचलंस ना. दोन महिने आधी. तू नळावर बोललास तेव्हा मला ते ठाऊक होतं. माझ्या बोटाने मोजलेलं होतं. तू खरं बोललास म्हणून मी मारलं.

दुसरी खूण तू गेल्यावर, चार महिन्यांनी. त्याच बाजूला, अजून दोन बोटं. मला वाटलं भार उतरलाय. असं वाटून घेतलं. डावी बाजू जशीच्या तशी होती, पहिल्या मापाची. बावीस वर्षं कापड तपासणाऱ्या बाईच्या हाताखालून एक बाजू सारखी आणि एक बाजू वाढती जात होती, आणि हात थांबला नाही. थांबला. मी तो पुढे ढकलला.

तिसऱ्या वेळी चार बोटं. कापड पुरेना. मी उजवीकडे वेगळा तुकडा जोडला, आणि शिवण त्याला घासू नये म्हणून आतून जुन्या मऊ चादरीचं अस्तर लावलं. दोन दुपारी बसले त्याला. इतकं सुबक बसलं की उलटसुलट करून बघत राहिले. त्याने बांधून बघितलं, बाहेर आला. तीन पट्ट्यांत तेवढं एकदाच तो बोलला. म्हणाला, "आई, तुझ्या हाताला तोड नाही."

मी म्हटलं, जा, उशीर होतोय.

त्यानंतर दीड महिन्याने तो थप्पीवर चढताना खाली बसला आणि उठला नाही. कंबर म्हणाला. दवाखान्यात फोटो काढला तर छातीत पोचलेलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. पट्टा त्याच्या अंगावरून सिस्टरनीच सोडला होता. तो खुर्चीवर पडला होता, अस्तर वर. सिस्टरनी बघितला, मी बघितला. मी म्हटलं, तरण्या मुलाचं आईला काय कळणार.

तुला उत्तर पाहिजे होतं. हे आहे. आता कार्ड टाकायचं नसेल तर नको टाकू. पण तपासायचं सोडू नकोस. माझ्यावरचा राग तुझ्या अंगावर काढू नकोस.

आई


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

ऑक्टोबरचं कार्ड नाही. नोव्हेंबरचं नाही.

त्या खुणांवरून शिवलेले तिन्ही पट्टे आता माझ्याकडे आहेत. दोन ट्रंकेत होते, तिसरा सिस्टरनी कागदात बांधून दिला. टाकून द्यायला निघाले आणि परत आणले. काल गिरणीत नवीन आलेल्या पोरींसमोर टेबलावर मांडले, एकाशेजारी एक. डावा हात डावीकडे ठेवा, उजवा उजवीकडे, म्हटलं. काय फरक आहे सांगा. पोरी लाजल्या, हसल्या. मग एकीचं हसू थांबलं. तिने विचारलं, कुणाचे आहेत. मी सांगितलं. नाव नाही, नातं सांगितलं. तिचा नवरा बाजारात पोती उचलतो. ती दुपारच्या सुट्टीत घरी निघून गेली. गोदामाच्या मुकादमाने माझ्या तोंडावर थुंकायचं तेवढं ठेवलंय. कुणीतरी त्याला सांगितलं की म्हातारी हमालांचे पट्टे गिरणीत दाखवत फिरते. थुंकू दे.

तू बोलू नकोस. मी मागत नाही. नुसतं कार्डावर एक रेघ ओढून टाक. सरळ रेघ म्हणजे काही नाही.

आई


८ डिसेंबर

धाकट्या,

हे मी बसमध्ये लिहितेय, अक्षर उड्या मारतंय. पोस्टात टाकणार नाही, हातात देणार. पत्राबरोबर मीच पोचेन, मग लिहायचं कशाला, असं तू म्हणशील. तर माझं तोंड मला ठाऊक आहे. ऐन वेळी मिटतं. कागद मिटत नाही.

कार्ड काल आलं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. "पहिली तारीख एकही चुकवली नाही, फक्त तुला कळवलं नाही. या वेळी डावीकडे टणक आहे, मसुराएवढं. मागच्या महिन्यात नव्हतं. डॉक्टरने सोनोग्राफी केली. गुरुवारी ती गोटी काढणार. काही शिवून आणू नकोस. तू ये."

मसुराएवढं. मी वाटीतून एक मसूर घेऊन बोटांत धरून बघितला. मग दवाखान्यात गेले. चष्मेवाल्या डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कार्ड धरून वाचलं. म्हणाले, काढून तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण इतक्या लवकर फार कमी लोक येतात. एकीवर माणसाचं सगळं नीट चालतं, तेही म्हणाले, आणि परत कान लाल करून घेतले. जाड्या सिस्टर मागून आल्या, कार्ड वाचलं, आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून हिरवा आहे. मी रडले नाही. तिथे रांग होती.

काही शिवलेलं आणत नाही. एक पातळ, एक टॉवेल, थोरल्याचे दवाखान्याचे कागद. ते डॉक्टरांना लागतील. भावाचं काय झालं, कधीपासून, असं विचारलं तर मी सांगणार, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तू म्हणालास तसं, नळावर. पहिली खूण, दुसरी, तिसरी, बोटांच्या मापासकट. कागदांत ते कुठेच लिहिलेलं नाही. तुला शरम वाटली तर बाहेर जाऊन उभा राहा. मला थांबवायचं असेल तर एक थोबाडीत मार. एक तुझी आहेच माझ्यावर.

मारली नाहीस तर मी बोलतच राहीन, हे आधीच सांगून ठेवते.

बस थांबलीय. सगळे पाय मोकळे करायला उतरलेत. मी उतरत नाही, जागा जाईल.

आई